सूक्ष्म चल-कपॅसिटरचे सिम्युलेशन: कागदापासून सॉल्व्हरपर्यंत

इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मेम्स (चिपवर घडवलेली सूक्ष्म यांत्रिक-विद्युत रचना) चल-कपॅसिटर, म्हणजे ज्याची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) बदलता येते असा कपॅसिटर, हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. आकृती काढून होते, पदार्थांचे गुणधर्म भरून होतात, व्होल्टेज दिले जाते आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, अर्ध्या तासाने ‘उत्तर अभिसरत नाही’ (एका आकड्यावर स्थिरावत नाही) असे सांगून थांबतो. मग रचनेचे छोटे तुकडे पाडणारी जाळी बारीक केली जाते, संगणकाची मेमरी वाढवली जाते, आणि तरीही तो तिथेच थांबतो. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. दिलेल्या व्होल्टेजला स्थिर उत्तरच अस्तित्वात नसते, आणि ही गोष्ट कागदावर दहा मिनिटांत कळली असती. म्हणून या मार्गदर्शनाची सुरुवात संगणकापासून दूर, कागदावर होते.

रचना समजायला सोपी आहे. खाली पक्की धातूची प्लेट, तिच्यावर दीड-दोन मायक्रोमीटरची मोकळी फट, आणि वर चार बारीक बीमवर तोललेली दुसरी प्लेट. दोन प्लेटमध्ये व्होल्टेज दिले की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, वरची खाली सरकते, फट कमी होते आणि धारिता वाढते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या यंग आणि बोझर यांनी १९९६ साली ॲल्युमिनियमचा असा कपॅसिटर करून दाखवला, तेव्हा साडेपाच व्होल्टच्या आसपास धारितेत सुमारे १६ टक्के वाढ मिळाली होती. कागदावर मात्र अशा रचनेतून ५० टक्के मिळायला हवेत. हे ५० टक्के कुठून येतात, हे पुढे दिसेलच.

पहिली पायरी: हाताने हिशेब

उदाहरणासाठी २०० मायक्रोमीटर बाजूची चौरस ॲल्युमिनियम प्लेट घ्या. जाडी २ मायक्रोमीटर, फट १.५ मायक्रोमीटर. चार कोपऱ्यांतून डावी-उजवीकडे जाणारे चार सरळ बीम, प्रत्येकाची लांबी १३० मायक्रोमीटर, रुंदी १०, जाडी २. एप्सिलॉन-शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक) गुणिले क्षेत्रफळ भागिले फट या नेहमीच्या सूत्राने सुरुवातीची धारिता ०.२३६ पिकोफॅरड येते.

बीमचे एक टोक खांबाला पक्के आणि दुसरे टोक न फिरता फक्त खाली-वर होते असे धरले, तर एका बीमची ताठरता म्हणजे यंग गुणांक (पदार्थ किती ताठ आहे याचे माप) गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले लांबीचा घन. ॲल्युमिनियमचा यंग गुणांक ७० गिगापास्कल धरल्यास चार बीम मिळून १०.२ न्यूटन प्रति मीटर ताठरता मिळते.

आता मुख्य मुद्दा. स्प्रिंगचे बल सरकण्याच्या सरळ प्रमाणात वाढते; विद्युत आकर्षण मात्र उरलेल्या फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे फार झपाट्याने वाढते. त्यामुळे वरची प्लेट फटीच्या एक-तृतीयांश अंतरापर्यंतच तग धरते आणि त्यापुढे ती धाडकन खाली जाऊन चिकटते. यालाच पुल-इन म्हणतात. ज्या व्होल्टेजला हे घडते त्याचा वर्ग म्हणजे आठ गुणिले ताठरता गुणिले फटीचा घन, भागिले सत्तावीस गुणिले एप्सिलॉन-शून्य गुणिले क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात हे व्होल्टेज ५.३७ येते. फट एक-तृतीयांशाने कमी होईपर्यंत धारिता दीडपट होते, म्हणून ५० टक्क्यांची ती कागदी मर्यादा.

याच समीकरणातून एक छोटा तक्ताही करून ठेवावा. ४ व्होल्टला प्लेट ०.१५ मायक्रोमीटर खाली येते आणि धारिता ०.२६३ पिकोफॅरड होते. ५ व्होल्टला ०.३० मायक्रोमीटर आणि ०.२९६, ५.३ व्होल्टला ०.४१ मायक्रोमीटर आणि ०.३२६. चारवरून पाचवर जाताना जितकी धारिता वाढली, जवळपास तितकीच पुढच्या अवघ्या ०.३ व्होल्टमध्ये वाढते. सिम्युलेशनमध्ये व्होल्टेजच्या पायऱ्या समान अंतरावर का ठेवू नयेत, याचे कारण या तीन ओळींत आहे.

दुसरी पायरी: कोणाचा कोणाशी संबंध आहे ते ठरवणे

‘कपल्ड’ सिम्युलेशन म्हटले की नवखे लोक सगळ्या भौतिकी एकाच वेळी चालू करतात: रचनाशास्त्र, स्थिरविद्युत, विद्युतचुंबकीय लहरी, उष्णता, हवेचा प्रवाह. हा मोह टाळावा.

आपल्या प्लेटचे वस्तुमान सुमारे २.१६ गुणिले १० चा उणे दहावा घात किलोग्रॅम आहे. या वस्तुमानावरून आणि वर काढलेल्या ताठरतेवरून नैसर्गिक वारंवारता सुमारे ३५ किलोहर्ट्झ निघते. कपॅसिटरमधून जाणारा रेडिओ संकेत समजा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. म्हणजे यांत्रिक हालचालीच्या सुमारे सत्तर हजार पट वेगवान. प्लेट त्या संकेताच्या प्रत्येक आवर्तनामागे हलूच शकत नाही, तिला जाणवते ते फक्त सरासरी बल. म्हणून काम दोन भागांत पाडता येते: यांत्रिकी आणि स्थिरविद्युत यांचे घट्ट जोडलेले उत्तर आधी काढायचे, आणि त्यातून मिळालेला वाकलेला आकार गोठवून त्यावर विद्युतचुंबकीय लहरींचे गणित नंतर करायचे. दुसऱ्याकडून पहिल्याकडे परत येणारा एकच धागा आहे, तो शेवटच्या भागात येतो.

गुरुत्वाकर्षण सोडून द्यावे. प्लेटचे वजन सुमारे २ नॅनोन्यूटन आहे, तर ५ व्होल्टला विद्युत बल ३ मायक्रोन्यूटनच्या वर जाते. हवेचा दाब-पडदा, म्हणजे फटीतली हवा पिळून बाहेर जाताना होणारा विरोध, फक्त प्लेट किती वेळात स्थिरावते हे पाहायचे असेल तेव्हाच घ्यावा. स्थिर धारितेवर त्याचा काही परिणाम होत नाही.

तिसरी पायरी: आकृती, एकके, जाळी

सॉफ्टवेअरचे खर्चिक परवाने विद्यार्थ्यांच्या आवाक्यात नसतात, त्यामुळे सॉल्व्हर म्हणून फिनलंडच्या सीएससी या संस्थेचे एल्मर, जाळीसाठी जीमेश आणि निकाल पाहण्यासाठी पॅराव्ह्यू हा विनामूल्य संच मी सुचवतो. कॉमसॉल किंवा ॲन्सिस यांसारखे परवान्याचे सॉफ्टवेअर हाताशी असेल तर उत्तमच; पुढील सर्व गोष्टी तिथेही तशाच लागू पडतात.

जीमेशला एककाची पर्वा नसते. तुम्ही २०० लिहिले तर ते २०० मीटर की २०० मायक्रोमीटर, हे सॉल्व्हरला सांगण्याची जबाबदारी तुमची. एल्मरमध्ये निर्देशांकांना एक दशलक्षांशाने लहान करण्याची सोय आहे; ती वापरा, आणि मग पहिल्याच उत्तरात धारिता ०.२ पिकोफॅरडच्या घरात आहे ना, एवढे बघा.

रचना दोन्ही दिशांनी सममित असल्यामुळे पाव भाग घेऊन चालतो: पाव प्लेट आणि एक बीम. मात्र ही बचत स्थिर उत्तरापुरतीच. प्लेट एका बाजूला कलंडते असे कंपनप्रकार पाव भागात दिसतच नाहीत, त्यामुळे नैसर्गिक वारंवारता शोधताना पूर्ण रचना घ्यावी.

जाळीचा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण संगणक बहुधा इथेच गुदमरतो. फट १.५ मायक्रोमीटर आणि प्लेट २०० मायक्रोमीटर. फटीच्या उंचीत तीन तरी घटक (जाळीचे तुकडे) हवेत म्हणून अर्धा मायक्रोमीटर बाजूचे चतुष्फलक सगळीकडे भरले, तर केवळ फटीतच सुमारे ४० लाख घटक होतात. त्याऐवजी खालच्या पृष्ठभागावर ५ मायक्रोमीटरचे चौकोन आखून ते उंचीत चार थरांत ओढले, तर हीच फट ६,४०० घटकांत मावते आणि पाव भागात १,६००. फटीतले क्षेत्र जवळजवळ एकसारखे असल्यामुळे असे चपटे घटक तिथे पूर्ण चालतात. बारीक जाळी लागते ती प्लेटच्या कडांपाशी, जिथे क्षेत्ररेषा बाहेर वळतात, आणि बीम जिथे खांबाला व प्लेटला मिळतात तिथे. बीमच्या जाडीत एकच रेषीय घटक ठेवला तर तो वाकण्याला खोटा विरोध करतो; वक्र आकार धरू शकणारे द्विघाती घटक वापरावेत.

प्लेटला पाडलेली बारीक छिद्रे, ज्यांतून रसायन आत जाऊन खालचा तात्पुरता थर धुऊन काढते, पहिल्या मॉडेलमध्ये वगळावीत. छिद्रे फटीच्या मानाने फार मोठी नसतील तर कडांवरून वळणाऱ्या क्षेत्ररेषा ती तूट बरीचशी भरून काढतात. छिद्रांचा परिणाम पुढे एखाद्या छोट्या तुकड्यावर वेगळा तपासता येतो.

चौथी पायरी: जोडण्यापूर्वी वेगवेगळे तपासणे

आधी फक्त स्थिरविद्युत. प्लेट न हलवता १ व्होल्ट द्या आणि धारिता दोन वाटांनी काढा: प्लेटवरील एकूण प्रभार भागिले व्होल्टेज, आणि क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेच्या दुपटीला व्होल्टेजच्या वर्गाने भागून. दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत आणि ०.२३६ पेक्षा थोडी जास्त असली पाहिजेत, कारण कडांबाहेरचे क्षेत्र सूत्रात धरलेले नसते. उत्तर ०.२३६ पेक्षा कमी आले तर कुठेतरी चूक आहे, पुढे जाऊ नये.

मग फक्त यांत्रिकी. प्लेटवर एकूण १ मायक्रोन्यूटन बल एकसारखे पसरवून द्या. १०.२ च्या ताठरतेने प्लेट सुमारे ०.०९८ मायक्रोमीटर सरकायला हवी. प्रत्यक्षात ती थोडी जास्त सरकेल, कारण २ मायक्रोमीटर जाडीची प्लेट स्वतःही मध्यभागी काही शतांश मायक्रोमीटर लवते आणि बीमचे प्लेटकडचे टोक सूत्रात मानले तसे अगदी न फिरता राहत नाही. म्हणजे खरी रचना सूत्रापेक्षा मऊ, आणि ताण नसलेल्या मॉडेलचे पुल-इन व्होल्टेज ५.३७ पेक्षा थोडे खाली येणार, हा अंदाज आताच वहीत लिहून ठेवावा.

पाचवी पायरी: जोडणी आणि पुल-इन

आता दोन्ही जोडायचे. क्षेत्रातून पृष्ठभागावरचा दाब, दाबातून वाकणे, वाकण्यातून बदललेली फट, फटीतून पुन्हा क्षेत्र. प्लेट हलली की फटीतली जाळीही तिच्याबरोबर आकसली पाहिजे. म्हणून हवेच्या भागाला सरकती जाळी द्यावी, बाहेरच्या भिंतीवर तिचे सरकणे शून्य ठेवावे आणि धातूच्या आतला भाग स्थिरविद्युत गणितातून वगळावा.

बल बरोबर येते की नाही याची एक झटपट चाचणी आहे. ५ व्होल्टला उरलेली फट सुमारे १.२ मायक्रोमीटर, म्हणून क्षेत्र मीटरला सुमारे ४२ लाख व्होल्ट आणि दाब सुमारे ७७ पास्कल. प्लेटच्या मध्यभागी या आसपासचा आकडा दिसला पाहिजे. हवेत ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला ठिणगी पडते हे शाळेत शिकलेले आठवून इथे कुणी घाबरते. पण तो नियम मोठ्या अंतरांचा आहे. पाशेनच्या नियमानुसार हवेत सव्वातीनशे व्होल्टच्या खाली नेहमीच्या पद्धतीने ठिणगी पडतच नाही, त्यामुळे ५ व्होल्टची चिंता नको.

सॉल्व्हर दोन रीतींनी चालवता येतो. एक म्हणजे आळीपाळीने: विद्युत सोडवा, बल द्या, यांत्रिकी सोडवा, पुन्हा विद्युत. दुसरी म्हणजे सगळी समीकरणे एकत्र. आळीपाळीची रीत समजायला सोपी आणि मेमरीला हलकी. पण ती कुठे दमते हे माहीत हवे. प्रत्येक फेरीत उरणारी चूक आधीच्या चुकीच्या किती पट असते, हे समांतर प्लेटच्या समीकरणावरून थेट काढता येते: सरकणे गुणिले दोन, भागिले उरलेली फट. प्लेट फटीच्या दहाव्या हिश्श्याने खाली असेल तर हे गुणोत्तर ०.२२, म्हणजे चार-पाच फेऱ्यांत काम फत्ते. पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे आपल्या ५ व्होल्टच्या आसपास, ते ०.५ होते, प्रत्येक फेरीत चूक निम्मी. ०.३ वर ते ०.८६, आणि एक-तृतीयांशावर बरोबर १. त्या बिंदूवर कितीही फेऱ्या मारल्या तरी चूक कमी होत नाही. सॉल्व्हर हळूहळू रेंगाळायला लागला, तर त्याला शिव्या न देता पुल-इन जवळ आल्याची ती खूण समजावी.

पुल-इन नेमके पकडण्यासाठी व्होल्टेज वाढवत जाणे हा मला गैरसोयीचा मार्ग वाटतो, कारण शेवटची अभिसरलेली पायरी आणि पहिली न अभिसरलेली पायरी यांच्यामध्ये उत्तर लपून बसते, आणि न अभिसरण्याचे कारण पुल-इन की वाईट जाळी हेही कळत नाही. उलट करावे: प्लेटच्या मध्याचे सरकणे आपण ठरवावे आणि त्यासाठी किती व्होल्टेज लागते हे अज्ञात म्हणून सोडवावे. सरकणे ०.१ पासून ०.८ मायक्रोमीटरपर्यंत वाढवत नेले की व्होल्टेजचा आलेख चढतो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि उतरू लागतो. शिखर म्हणजे पुल-इन. शिखरापलीकडची उत्तरेही सॉल्व्हर बिनतक्रार देतो. ती अस्थिर आहेत, प्रत्यक्ष उपकरणात दिसणार नाहीत, पण शिखराच्या दोन्ही बाजू हाती असल्यामुळे आकडा निःशंकपणे वाचता येतो.

सहावी पायरी: ताण आणि इंदूरचा उन्हाळा

विद्यार्थ्यांच्या अहवालांत हा भाग बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो. खरे तर सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

धातूचा थर बसवताना त्यात काही ताण शिल्लक राहतो. समजा तो २० मेगापास्कल ओढीचा आहे. दोन्हीकडून खांबांना बांधलेल्या सरळ बीममध्ये ही ओढ तारेसारखी काम करते. एका बीमला तिच्यामुळे मिळणारी जादा ताठरता म्हणजे १.२ गुणिले ताण गुणिले बीमच्या छेदाचे क्षेत्रफळ, भागिले लांबी. चार बीमना मिळून ती १४.८ न्यूटन प्रति मीटर भरते, म्हणजे मूळच्या १०.२ पेक्षाही जास्त. एकूण ताठरता २५ होते आणि पुल-इन व्होल्टेज ५.३७ वरून ८.४ वर जाते. मॉडेलमध्ये हा ताण प्रारंभिक ताण म्हणून द्यावा आणि भौमितिक अरेषीयता (बदललेल्या आकाराचा परिणाम धरण्याची सोय) चालू ठेवावी; ती बंद असेल तर ताण दिला काय न दिला काय, ताठरता बदलणारच नाही.

आता तापमान. ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते, सिलिकॉन केवळ २.६. तापमान १० अंशांनी वाढले की बीममध्ये सुमारे १४ मेगापास्कल दाब तयार होतो. हा केवळ बीमच्या स्वतःच्या लांबीचा हिशेब, प्लेटचे प्रसरण धरले तर दाब आणखी वाढतो. आणि आपल्या मापांच्या बीमला वाकून बाहेर पडण्यासाठी लागणारा दाब सुमारे १३.६ मेगापास्कल आहे. म्हणजे सुरुवातीला अजिबात ताण नसलेले उपकरण फक्त दहा अंशांच्या वाढीने धनुष्यासारखे वाकू शकते. इंदूरमध्ये डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि मेच्या दुपारी चाळिशी ओलांडतो. खोली वातानुकूलित असेल, पण ज्या उपकरणात हा कपॅसिटर बसणार ते उन्हात असणार. म्हणून सरळ बीम हे शिकण्यापुरते ठीक. खऱ्या आराखड्यात घडीचे बीम वापरावेत, ज्यांची घडी उघडझाप करून ताण सोडून देते. दोन्ही रचना १०, २५ आणि ४५ अंशांना चालवून शेजारी शेजारी मांडल्या, तर अहवालातले ते एक आलेखपान बाकीच्या दहा पानांपेक्षा अधिक सांगून जाईल.

शहरातच राहून वेगळी वाट चोखाळायची असेल तर कंगव्याच्या आकाराचा कपॅसिटर घ्यावा, ज्यात फट तीच राहते आणि दात एकमेकांत सरकून क्षेत्रफळ बदलते. त्याला एक-तृतीयांशाची मर्यादा नाही, मात्र दात बाजूला कलण्याची वेगळी अस्थिरता तपासावी लागते. असे उंच, सरळ भिंतींचे दात घडवण्यासाठी खोल क्ष-किरण लिथोग्राफी वापरतात. राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात, ज्याला इंदुरात अजूनही कॅटच म्हणतात, इंडस-२ या २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर (फिरत्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) या कामासाठी एक किरणवाहिनी आहे.

सातवी पायरी: गोठवलेल्या आकारावर रेडिओ लहरी

०, ४, ५ आणि ५.३ व्होल्टचे वाकलेले आकार जतन करून प्रत्येकावर लहरींचे गणित चालवावे. एकच पोर्ट (संकेत आत सोडण्याची जागा) द्यावे, परावर्तनावरून अवरोध काढावा आणि त्याचे दोन भाग करावेत: धारितेचा आणि रोधाचा. २.४ गिगाहर्ट्झला ०.२३६ पिकोफॅरडचा अवरोध सुमारे २८१ ओहम असतो. रोध २ ओहम असेल तर गुणवत्ता घटक, म्हणजे या अवरोधाचे रोधाशी गुणोत्तर, १४० येतो.

इथे एक सापळा आहे. या वारंवारतेला ॲल्युमिनियममध्ये प्रवाहाची त्वचा-खोली (प्रवाह पृष्ठभागापासून जेवढा आत शिरतो ते अंतर) सुमारे १.७ मायक्रोमीटर आहे आणि आपला थर २ मायक्रोमीटरचा. म्हणजे धातूला जाड मानून पृष्ठभागावरच अवरोध लावण्याची नेहमीची सोपी अट इथे बसत नाही आणि धातूला बिनरोधाची पातळ चादर मानणेही बसत नाही. धातूच्या जाडीत तीन-चार थरांची जाळी द्यावी किंवा दोन्ही बाजूंचा प्रवाह धरणारी पातळ-थराची अट वापरावी. चार बीम समांतर धरले तर त्यांचा एकत्र एकदिश रोध जेमतेम ०.०४५ ओहम भरतो, त्यामुळे केवळ बीम पाहून गुणवत्ता घटक हजारोंत जाईल असे वाटते. बर्कलीच्या त्या उपकरणाचा तो १ गिगाहर्ट्झला साठच्या आसपास होता. उरलेला ऱ्हास जोडतारा, सांधे आणि खालचे सिलिकॉन यांत होतो, म्हणून सिलिकॉनची वाहकता मॉडेलमध्ये घातल्याशिवाय गुणवत्ता घटक छापू नये.

आता तो परत येणारा धागा. प्लेटला रेडिओ संकेताचे सरासरी बल जाणवते, आणि बल व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे एकूण परिणामी व्होल्टेज म्हणजे नियंत्रक व्होल्टेजचा वर्ग अधिक संकेताच्या आरएमएस मूल्याचा (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमूळाचा) वर्ग, यांच्या बेरजेचे वर्गमूळ. नियंत्रक ५ व्होल्ट पूर्ण सुरक्षित होते. त्यात कपॅसिटरवर २ व्होल्ट आरएमएसचा संकेत आला की परिणामी व्होल्टेज ५.३९ होते, म्हणजे ५.३७ च्या पलीकडे, आणि प्लेट खाली चिकटते. म्हणून लहरींच्या गणितातून कपॅसिटरवर प्रत्यक्ष किती व्होल्टेज पडते ते वाचून पाचव्या पायरीच्या आलेखात परत घालावे. यासाठी दोन्ही सॉल्व्हर पुन्हा जोडण्याची गरज नाही. वर्गांची बेरीज पुरते.

शेवटी सर्किट सिम्युलेटरला त्रिमितीय मॉडेल द्यायचे नसते. नियंत्रक व्होल्टेज, धारिता, रोध आणि तापमान अशा चार रकान्यांचा तक्ता द्यावा, पुल-इनच्या ९० टक्क्यांपुढच्या ओळी त्यातून काढून टाकाव्यात, आणि त्या का काढल्या हे तक्त्याच्या खाली लिहावे.